‘आपण’ जिंकलो, ‘ते’ हरले

मराठी भाषेस ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन निरनिराळी सर्वनामे लाभली आहेत, ही गोष्ट शाळेत व्याकरण शिकविताना आम्ही मुलांस मोठ्या अभिमानाने सांगत असू. संस्कृतात बहुवचनी ‘वयम्’ एकच. द्विवचनाचे ‘आवाम्’ निराळे आहे खरे, पण ज्याच्याशी बोलावयाचे तो त्यात धरला आहे की वगळला आहे, हे त्यावरून कळत नाही. इंग्रजीत तर एकाच शब्दावर सारा कारभार. मराठी मनुष्य मात्र ‘आम्ही जेवलो’ म्हणाला, तर ऐकणाऱ्याने आपले ताट निराळे समजावे. आणि ‘आपण जेवू’ म्हणाला, तर खुशाल पाटावर येऊन बसावे. आमच्या शेजारची गुजराती सोडली तर इतकी सोय फार थोड्या भगिनीभाषांत आढळेल. अशा भाषेचे व्याकरण आयुष्यभर शिकविलेल्या मनुष्याकडून उतारवयात सर्वनामाचीच चूक व्हावी, आणि ती आठवीत शिकणाऱ्या नातवाने दाखवून द्यावी, हा योग आमच्या नशिबी २०२४ सालच्या कार्तिकात आला. निमित्त झाले कबड्डीचे.

कबड्डी आणि हे सदर यांचा काय संबंध, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. त्यांनी आपले बालपण आठवावे. आपल्या घरांतून क्रिकेटला मान होता, टेनिसला कौतुक होते, आणि हुतुतूला मात्र ‘गुडघे फोडून घेण्याचा खेळ’ हे एकच विशेषण होते. तथापि ज्यास बॅट नको, चेंडू नको, जाळे नको, केवळ एक आखलेली रेघ आणि छातीत दम पुरे, असा खेळ लहानपणी कोण खेळला नाही? येथे देहूत तर खेळ आणि परमार्थ यांचे वैर कधी नव्हतेच. तुकोबारायांच्या गाथेत फुगडी, टिपरी, चेंडूफळी, विटीदांडू या खेळांवर अभंग आहेत. तेव्हा इंद्रायणीकाठी कोणी खेळास हलके म्हणू लागला, तर त्याने आधी गाथेकडे पाहावे.

या हुतुतूस नियमांची शिस्त लागली ती आपल्याच लोकांच्या हातून. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून सामने भरविले. १९३६ साली बर्लिनच्या ज्या ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या हॉकी संघाने सुवर्णपदक मिळविले, त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. पुढे बुवा साळवींसारख्यांनी या खेळासाठी जन्म वेचला, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीस स्थान मिळाले, आणि २०१४ साली धंदेवाईक संघांची साखळी स्पर्धा सुरू झाली. माती गेली, मॅट आली. चड्डी-बनियन जाऊन रंगीत पोशाख आले. आणि आमच्या पुण्याच्या नावाचा एक संघ उभा राहिला, त्याचे नाव पुणेरी पलटण.

आमच्या एकत्र कुटुंबात रात्रीच्या जेवणानंतर तीन पिढ्या दूरचित्रवाणीसमोर बसतात, तेव्हा काय पाहावे यावर एकमत होणे कठीण. धाकट्या बंधूंस बातम्या हव्यात, सुनांस मालिका, मुलांस क्रिकेट. कबड्डीचा सामना मात्र सर्वांस चालतो. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, तासाभरात निकाल. आमच्या वहिनींसही तो समजतो, कारण त्यांच्या मते हा खेळ म्हणजे अभिमन्यूची कथा आहे. एकटा गडी सात जणांच्या गोटात शिरतो. फरक एवढाच की, यास बाहेर पडण्याची वाट ठाऊक असते, आणि तीस सेकंदांत ती सापडली पाहिजे.

पलटणीने आरंभी आम्हांस फारसे सुख दिले नाही. २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही हंगामांत आठ संघांत आठवे स्थान. पुढे सुधारणा झाली. २०२२ च्या डिसेंबरात मुंबईस अंतिम सामना गाठला, तो जयपूरच्या संघाने ३३–२९ असा जिंकला. आणि मग १ मार्च २०२४ चा तो दिवस आला! हैदराबादेस अंतिम सामन्यात हरियाणाच्या संघास २८–२५ असे हरवून पुण्याने प्रथमच अजिंक्यपद मिळविले. कर्णधार अस्लम इनामदार अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्याचा सोबती आकाश शिंदे नाशिककडचा. दोघेही हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातले. बचावाच्या फळीत मोहम्मदरेझा शादलुई हा इराणी पहाड. संघाचे गुरू बी. सी. रमेश. त्या रात्री आम्ही स्वतः उठून डब्यातील बर्फी सर्वांच्या हातांवर ठेवली, आणि म्हणालो, ‘आपण जिंकलो!’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष होते. आमच्या वहिनींपासून इराणच्या शादलुईपर्यंत सारे त्या एका ‘आपण’मध्ये सुखाने बसले होते.

त्याच वर्षी कोजागिरी आटोपून दोन दिवस झाले नाहीत, तोच पुढचा हंगाम सुरू झाला. सामने तीन नगरांत व्हावयाचे होते: प्रथम हैदराबाद, मग नोएडा, आणि ३ डिसेंबरपासून आपल्या बालेवाडीस. अंतिम सामनाही बालेवाडीसच ठरलेला. आम्ही मनात मांडे खाऊ लागलो. अजिंक्य संघ, घरचे मैदान, मार्गशीर्षाची थंडी! पहिल्याच सामन्यात आपण हरियाणास ३५–२५ असे लोळविले. तेव्हा तर बंधूंनी अंतिम सामन्याची तिकिटे आताच काढून ठेवावीत असा विचार बोलून दाखविला.

मग हंगामाच्या मध्यावर घसरण सुरू झाली. कर्णधाराच्या गुडघ्यास दुखापत झाली, आणि नोव्हेंबरात कळले की उरलेल्या हंगामात तो खेळणार नाही. संघाची धुरा आकाश शिंदेच्या खांद्यावर आली. आज हातातोंडाशी आलेला सामना निसटावा, उद्या बरोबरीवर समाधान मानावे, परवा पहिल्या डावात मिळविलेली आघाडी दुसऱ्या डावात गमवावी, असा क्रम सुरू झाला. आमच्या घरातील बैठकही त्याच क्रमाने विरळ होऊ लागली. सुनांस मालिकांची आठवण झाली. बंधू बातम्यांकडे वळले. आम्ही बसत असू, पण पाहण्यासाठी नव्हे, दोष काढण्यासाठी.

एके रात्री सामना हातचा गेला, तेव्हा आम्ही उपरणे झटकून उठलो आणि म्हणालो, ‘हरले! पैसे घेऊन खेळणारे हे लोक. आज या गावचे, उद्या त्या गावचे. यांना पुण्याचे काय सोयरसुतक!’

नातू जमिनीवर बसला होता. तो शांतपणे म्हणाला, ‘आजोबा, मार्चमध्ये तुम्ही म्हणाला होतात, आपण जिंकलो. मग आज ते कसे हरले?’

आम्ही उत्तर दिले नाही. निजण्याची वेळ झाली आहे, एवढे मात्र बजावले. ज्यास उत्तर सुचत नाही, त्या शिक्षकाचे हे फार जुने शस्त्र आहे.

आमच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे होते, ते येथे मांडणे न्याय्य होईल. हे गडी लिलावात घेतले जातात, हे खोटे नाही. शादलुईस पुण्याने २०२३ साली २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतले. अजिंक्यपद मिळाले, आणि पुढच्याच लिलावात हरियाणाच्या संघाने त्यास २ कोटी ७ लाखांस नेले. ज्याच्या पकडींवर आम्ही मार्चमध्ये टाळ्या पिटल्या, तोच ऑक्टोबरात समोरच्या बाजूस उभा! अशा संघास ‘आपला’ म्हणावे तरी कशाच्या आधारावर? हा प्रश्न पोरकट नाही, आणि पुष्कळ सुजाण लोक तो विचारतात.

परंतु त्या रात्री झोप येईना, तेव्हा त्या युक्तिवादातील छिद्र आमच्याच ध्यानात आले. हे गडी मार्च महिन्यातही लिलावातलेच होते. बर्फी वाटताना त्यांची किंमत आम्हांस आठवली नव्हती. म्हणजे आमचा आक्षेप लिलावावर नव्हता, पराभवावर होता. आणि लिलाव हे केवळ पांघरूण होते.

ही खोड एकट्या आमचीच नव्हे, असे पुढे वाचनात आले. त्यामुळे समाधान झाले असे मात्र नाही. अमेरिकेतील रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. तेथील विद्यापीठांचे फुटबॉलचे सामने शनिवारी होतात. आपला संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक घालून येत. हरला की ते कमी दिसत. विद्यार्थ्यांस सामन्याविषयी विचारले असता, विजयाचे वर्णन ते ‘आपण’ या अर्थी करीत. पराभवाच्या वर्णनात तो शब्द कमी येई. म्हणजे आमच्या नातवाने देहूत जे पकडले, ते तिकडच्या विद्वानांनी पन्नास वर्षांपूर्वी पकडले होते. इंग्रजीत ‘आम्ही’ व ‘आपण’ यांचा भेद नाही, म्हणून त्या लोकांस थोडी तरी सवलत द्यावी. आमच्यासाठी तीही सोय उरली नाही.

मग आम्ही दुसरी गोष्ट केली, जी वास्तविक आधी करावयास हवी होती. हा संघ का हरतो आहे, हे समजून घेण्याच्या हेतूने पुढचे दोन-तीन सामने नातवाच्या शेजारी बसून पाहिले. तो शाळेच्या संघात राखीव गडी. त्याने आम्हांस जे समजाविले, ते असे.

कबड्डीत चढाई करणारा आणि बचाव करणारे ही दोन निरनिराळी खाती नाहीत. आपला एक गडी बाद झाला की तो बाहेर जाऊन बसतो, आणि आपण समोरचा गडी मारला तरच तो परत उठतो, तेही बाद झाल्याच्या क्रमाने. म्हणून चांगला चढाई करणारा गेला की केवळ गुण कमी होत नाहीत. बाहेर बसलेले बचावाचे गडी बाहेरच राहतात. सातांच्या साखळीने जी पकड सहज होते, ती चौघांना जड जाते. तिघे किंवा त्याहून कमी उरले असता पकड साधली, तर एक गुण अधिक मिळतो खरा. पण न साधल्यास लोण चढण्याची पाळी येते, आणि लोणाचे दोन गुण समोरच्यास जातात. शिवाय लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर गडी बाद. हे ओझे पूर्वी कर्णधार उचलीत असे. तो नसता ते ज्याच्या वाट्यास येते, त्यास समोरचे सात जण आधीच हेरून असतात. एक गुडघा दुखावला, आणि त्याची कळ साऱ्या संघास लागली, ती अशी.

त्यातून हंगाम लांब. प्रत्येक संघास साखळीत २२ सामने, आणि तेही सुमारे दोन महिन्यांत. आज लचकलेला घोटा बरा होईतो दुसरा सामना दारात. पहिल्या पंधरवड्यात जे डाव नवे असतात, ते मध्यावर सर्वांस पाठ झालेले असतात. म्हणून मधल्या काळातील पराभव हे आळसाचे किंवा पैशाच्या मस्तीचेच असतात, असे समजणे हे वर्गातील शेवटच्या बाकावरील प्रत्येक मुलास ‘ढ’ समजण्याइतकेच सोपे आणि तितकेच चुकीचे आहे.

त्या हंगामाचा एक नियम आम्हांस विशेष आवडला. विजयास पाच गुण, बरोबरीस तीन. पण सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरणाऱ्या संघासही एक गुण मिळत असे. अखेरच्या मिनिटापर्यंत झुंजत राहिलेल्या पराभवाची ती नोंद होती. प्रेक्षकाने ठेवावी अशीच ती नोंद; पण आमच्या वहीत मात्र पराभवाच्या रकान्यात एकच शेरा होता: ‘ते हरले.’

हे सारे येथवर थांबले असते, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. वृद्धाने थोडी चूक करावी, थोडी सुधारावी, यात वाचकांस सांगण्याजोगे ते काय! परंतु त्याच सुमारास नातवाच्या शाळेचा संघ आंतरशालेय सामन्यांत उतरला. नातू संध्याकाळी घरी आला, दप्तर कोपऱ्यात ठेवले, आणि चहा घेऊ लागला. आम्ही विचारले, ‘काय झाले रे?’

‘हरले,’ तो म्हणाला.

‘कोण हरले?’

‘शाळेचा संघ. मी खेळलोच नाही. मी राखीव होतो.’

मग हळूहळू सारी हकीकत कळली. शेवटची चढाई त्याच्या जिवलग मित्राच्या वाट्यास आली होती. एक गुण हवा होता. मित्र मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पकडला गेला. परतीच्या वाटेवर सारी मुले एका बाजूस आणि तो मुलगा एकटा दुसऱ्या बाजूस, अशी गाडीतून घरी आली. आमचा नातूही त्याच्याशेजारी बसला नाही. का बसला नाहीस, असे विचारताच तो म्हणाला, ‘त्याच्यामुळे हरले सगळे.’

आम्ही पुष्कळ वर्षे मुलांस नीतीचे पाठ दिले. त्यांपैकी किती मुलांच्या अंगी लागले हे परमेश्वरास ठाऊक. हा एक पाठ मात्र आम्ही फळ्यावर न लिहिता, उपरणे झटकून, एका रात्रीत शिकविला होता, आणि तो अगदी अक्षरशः पाठ झाला होता. जिंकले तर आपण, हरले तर ते. आणि ‘ते’ झाले की त्यांतला जो अखेरीस पकडला गेला, तो एकटा ‘तो’. सर्वनामांची ही उतरंड आम्हीच त्याच्यापुढे मांडली होती. त्यास रागे भरण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला जवळ बसविले आणि सरळ सांगितले, ‘बाळ, त्या रात्री तू विचारलेस, त्याचे उत्तर मी दिले नाही. उत्तर असे आहे की, माझे चुकले. मार्चमध्ये आपण जिंकलो असू, तर नोव्हेंबरातही आपणच हरलो. आणि काल शाळेचा संघ हरला, तेव्हा तूही हरलास. राखीव गडी झाला म्हणून काय, पोशाख तोच होता ना?’

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘त्याने ती चढाई करायला नको म्हटले होते, आजोबा. सरांनी पाठवले. दुसरे कोणी तयार नव्हते.’

‘तू तयार होतास?’

त्याने मान हलविली, नाही म्हणून.

डिसेंबरात सामने बालेवाडीस आले. तोपर्यंत पलटणीची बाद फेरीची आशा धूसर झाली होती. तिकिटे काढावीत असे घरात कोणी म्हणेना. आम्ही मात्र तीन काढविली: एक आमचे, एक नातवाचे, आणि एक त्याच्या त्या मित्राचे. मित्राच्या घरी आम्ही स्वतः जाऊन त्याच्या वडिलांची परवानगी मागितली. मुलगा प्रथम येण्यास राजी नव्हता. नातू उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, ‘चल ना, आपण जाऊ.’ तो ‘आपण’ ऐकून आम्हांस फार बरे वाटले.

पुतण्याने गाडी काढली. देहूरोडवरून बाह्यवळण मार्गास लागून रावेत, ताथवडे, वाकड असे करीत बालेवाडीस पोहोचण्यास कारखान्यांच्या सुटीच्या वेळी जितका उशीर व्हावयाचा तितका झाला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले ते क्रीडासंकुल. त्यातील बॅडमिंटनच्या सभागृहात मॅट अंथरलेली. आमच्या वयास तेथील गोंगाट आणि दिव्यांचा झगमगाट थोडा अधिकच होता, हे कबूल करतो. सभागृहात रिकाम्या खुर्च्या दिसल्या; परंतु जे आले होते, त्यांत आम्हांस असे लोक आढळले, की ज्यांनी आमच्याप्रमाणे मध्येच आसन सोडले नव्हते. आमच्या पुढच्या रांगेत चाकणकडील कारखान्यात काम करणारे चार-पाच तरुण पाळी संपवून गणवेशातच आले होते. पलटणीचा एक कोवळा गडी चढाईस गेला आणि रिकाम्या हाताने बाद होऊन परतला. आम्ही सवयीने जिभेने ‘च्’ केले. पुढचे तरुण मात्र उभे राहून टाळ्या वाजवीत होते. त्यांतला एक आमच्याकडे वळून म्हणाला, ‘काका, पोरगं नवीन आहे. आता नाही वाजवायच्या तर कधी?’

आमच्या उजव्या बाजूस बसलेला नातवाचा मित्र तो बाद झालेला गडी बाहेरच्या बाकावर जाऊन बसेपर्यंत त्याच्याकडे एकटक पाहत होता. मग त्यानेही टाळ्या वाजविल्या. त्या रात्रीचा निकाल काय लागला, हे येथे मुद्दाम लिहीत नाही. निकालावरून सर्वनाम ठरविण्याची आमची खोड नुकतीच सुटत होती. ती वाचकांस लावावी असे वाटत नाही.

हंगामअखेर पलटण आठव्या स्थानी राहिली, आणि पहिल्या सहांत जागा नसल्याने बाद फेरीबाहेर गेली. २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीच्याच त्या सभागृहात अंतिम सामना झाला. ज्या हरियाणास आपण पहिल्या सामन्यात हरविले होते, त्याने पाटण्यास ३२–२३ असे नमवून अजिंक्यपद नेले. विजेत्यांत शादलुई होता. आमच्या मनास ते थोडे लागले. पण नातू म्हणाला, ‘चांगला खेळला आजोबा,’ आणि आम्हीही मान डोलविली. परक्याच्या गुणांस दाद देण्यासाठी त्यास ‘आपला’ म्हणावेच लागते असे नाही.

आमच्या देहूस या गोष्टीचा दाखला दूर शोधावयास नको. ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान होते, तेव्हा गावात पाय ठेवण्यास जागा नसते. पंढरपुरास पालखी पोहोचते, तेव्हाही तेच. परंतु वारी होते ती मधल्या मुक्कामांत. बारामती मागे पडलेली असते, इंदापूर पुढे असते, निघतानाचा उत्साह सरलेला असतो आणि कळस अजून दिसत नसतो. पायास फोड आलेला मनुष्य त्या मधल्या वाटेवर चालत राहतो, तो वारकरी. आम्ही स्वतः जन्मभर प्रस्थान पाहून घरी परतणाऱ्यांतले. म्हणून हे अधिकाराने नव्हे, ऐकीव आणि थोड्या संकोचाने लिहीत आहोत. संघाच्या हंगामासही असाच मध्य असतो. घराच्या संसारास असतो, मुलाच्या शिक्षणास असतो. तिसरी-चौथीत ‘आमचा मुलगा’ म्हणून मिरविलेले पोर नववीत गणितात अडखळू लागले की आई बापास ‘तुमचा मुलगा’ म्हणते, आणि बाप आईस. हा संवाद ज्या घरात कधी झाला नाही, ते घर आम्हांस दाखवावे.

२०२५ च्या हंगामात अस्लम इनामदार बरा होऊन परत कर्णधार झाला. अजय ठाकूर हे नवे गुरू आले. आमच्या घरची बैठक पुन्हा भरू लागली. मालिका आणि बातम्या पुन्हा मागे पडल्या. आता ज्यांस मध्येच उठावयाचे असेल त्यांनी आरंभीच बसू नये, असे वहिनींनी सर्वांस, आणि विशेषतः आम्हांस, ऐकविले. पलटण अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. ३१ ऑक्टोबर रोजी दिल्लीस, दिल्लीच्याच संघाशी तो सामना झाला. नातवाचा मित्र पाहण्यासाठी आमच्याकडे आला होता. ती दोन मुले एकाच चटईवर बसली होती. शेवटच्या मिनिटापर्यंत कोणीही पाणी पिण्यास उठले नाही. दिल्ली ३१, पुणे २८.

काही वेळ घर स्तब्ध होते. मग नातवाने मित्राच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘तीन गुणांनी हरलो रे आपण.’

बर्फीचा डबा वहिनींनी आधीच आणून ठेवला होता. तो परत कपाटात ठेवावा की काय, या विचारात त्या पडल्या. आम्ही म्हणालो, ‘वहिनी, डबा इकडे द्या.’ आणि मार्चच्या त्या रात्रीप्रमाणेच उठून प्रत्येकाच्या हातावर एकेक वडी ठेवली.